धवलारीण सरपंच

चांगुणाबायला हळू बोलता येत नव्हतं. तिचं घर वर वाडीत, माझं खाली ओढ्याच्या अलीकडे आणि मध्ये भाताची खाचरं, तरी ती सुनेला काय म्हणाली ते मला चुलीपाशी कळायचं. सुनेनं काय उत्तर दिलं ते कळायचं नाही, कारण सून माणसासारखी बोलायची. एकदा मी तिला म्हटलं, "अगो, जरा दमानं. सगळ्या गावाला तुझ्या घरातलं कळतंय."

"कळू दे. मी काय चोरी करतंय? हळू बोलते ती बाई काय तरी लपवते, आक्का. आयकू आला का?"

हे 'आयकू आला का' ती प्रत्येक बोलण्यामागं जोडायची. ऐकू आलं नाही असं कधी कुणी तिला सांगितलं नाही.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वाडीतल्या आणि गावातल्या बऱ्याच घरांत लग्न लावायला आधी धवलारीण लागते. ही बाई मांडवात उभी राहून धवले म्हणते. ते नुसतं गाणं नव्हे. तिनं म्हटल्याशिवाय हळद लागत नाही, नवरा-नवरी पाटावर बसत नाहीत. एक ओळ ती म्हणते, तीच ओळ तिच्या जोडीची बाई आणि मागच्या बाया उचलून म्हणतात, मग ती पुढची सोडते. मागच्यांनी उचलल्याशिवाय पुढची ओळ सोडायची नाही असा दंडक आहे. मी बौद्धवाड्यातली. आमच्यात धवलारीण नाही, आमच्यात वंदना होते आणि मग माइकवर भाषणं होतात, ती वंदनेपेक्षा लांबतात. त्यामुळं मी चांगुणाबायचे धवले ऐकले ते दुसऱ्यांच्या मांडवाच्या कडेला बसून.

दिसायला ती काहीच नव्हती. काळी, किडकिडीत, माझ्या खांद्याएवढी. आवाज आधी ऐकून मग तिला बघायला येणाऱ्या माणसाची निराशा व्हायची. दातांना कायम मिसरी. मटणाची भारी हावरी. वाढणाऱ्याचा हात धरून "अजून घाल, मी गाऊन आलंय" म्हणायची. शेजारच्या गावची दुसरी धवलारीण हिला बघवत नसे. "ती गाते? ती तर शेळी हाकते," म्हणायची. वय विचारलं की दरवर्षी तेच सांगायची. गोड बाई होती असं मी म्हणणार नाही.

पण मांडवात ती कुणाला भीत नसे. एका लग्नातली गोष्ट सांगते. नवरीची आई फार वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून निघून गेली होती आणि तिनं दुसरं घर केलं होतं. लेकीच्या लग्नाला ती न बोलावता आली, मांडवाबाहेर आंब्याखाली उभी राहिली. धवल्यात नवरीच्या आईचं नाव घ्यावं लागतं. बापानं चांगुणाबायला आधीच बजावलं होतं की सावत्र आईचं घे. ती त्या जागी आली, आंब्याकडे बघितलं आणि जन्म देणारीचं नाव घेतलं. बाप तरातरा उठून आला.

"तुला सांगितला होता ना?"

"सांगितला होतास. पण पोटात कोणी वागवला? तू वागवलास? तर तुझा घेते."

मांडव हसला. मग तिनं सावत्र आईचंही नाव घेतलं, तिला नाराज केलं नाही. बाप खाली बसला. दुसरं करणार काय? धवले थांबले असते तर लग्न तिथंच अडकलं असतं.

पुढं आमच्या पंचायतीचं सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं. गावातल्या पुढाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः काशिनाथला, अशी बाई हवी होती जी अंगठा देईल आणि घरी जाईल. काशिनाथची धसईला भाताची गिरणी आहे, उपसरपंचपद त्याच्या घरचंच असल्यासारखं आहे. त्यानं चांगुणाबायला उभं केलं आणि निवडून आणलं. मला अजून नवल वाटतं. साऱ्या तालुक्यात सगळ्यांत मोठा आवाज असलेली बाई गप्प बसेल म्हणून यांनी निवडली. पण त्यांचा हिशेब असा, की लग्नातला आवाज लग्नात. ढोल जसा लग्न झालं की खुंटीला टांगतात, तसा हाही टांगला जाईल. आणि खरंच, ग्रामसभेत तोपर्यंत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. कोणत्याच बाईनं उघडलं नव्हतं. आम्ही मागं बसायचो आणि एकमेकींच्या डोक्यातल्या उवांबद्दल बोलायचो.

पहिल्या बैठकीला खुर्चीवर तिचा नवरा गणपत बसवला होता. आमच्याकडे तशीच रीत. बाई सरपंच असली की नवरा खुर्चीत आणि बाई चटईवर. गणपत साधा माणूस, खेकडे धरण्यात आयुष्य गेलेलं. खुर्चीच्या टोकाला टेकून घाम पुसत बसला होता. चांगुणाबाय आली, बघितलं, म्हणाली, "आवं, हितं कुठं बसलाव?"

"भाऊसाहेबांनी बसवला."

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, नवीन पोरगा, चष्मेवाला.

"मांडवात नवऱ्याच्या पाटावर वऱ्हाडी बसतो का? उठा. घरा जावा. शेळ्या सोडल्यात का?"

गणपत इतक्या आनंदानं उठला की चप्पल विसरून गेला. ती खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून मांडी घालून बसली आणि पुढची सगळी वर्षं तशीच बसत होती. अंगठ्याचा कागद पुढं आला की म्हणायची, "वाच. मोठ्यानं वाच. मना वाचता येत नाय, तुला येतंय ना?" भाऊसाहेब वाचायचा. सभेतल्या सगळ्यांना पहिल्यांदाच कळायला लागलं की आपण कशावर अंगठे देत होतो.

पण तिनं एकटीनं बोलून भागत नव्हतं. बाकीच्या बाया मुक्याच. ओढ्यावर बायांना अंघोळीला आडोसा नव्हता. पलीकडून रस्ता झाल्यापासून मोटारसायकली थांबायला लागल्या होत्या, पोरी अंधारातच अंघोळ उरकायच्या. काशिनाथला मात्र गावाच्या तोंडाशी कमान बांधायची होती. सगळ्या गावांना कमानी झाल्या, आपल्यालाच नाही, हे त्याचं दुःख. शाळेत भरलेल्या ग्रामसभेत त्यानं मोठ्या मनानं विचारलं, "बायांना काय पायजे ते बायांनी सांगावा. कोण अडवतंय?"

एकेकीकडे बोट केलं. पहिलीनं पदर तोंडात घातला. दुसरी म्हणाली, "ती बोलंल." तिसरी उठून पोराला मुतवायला घेऊन गेली. काशिनाथ हसून म्हणाला, "बघा, बायांना कमानच पायजे."

चांगुणाबाय खुर्चीतल्या मांडीवरच थोडी पुढं सरकली. म्हणाली, "येकटीला लाज वाटते ना? मग मांडवात म्हणतात तशा म्हणा. मी सोडते, तुमी उचला." आणि साध्या बोलण्यातच, गाऊन नव्हे, तिनं एक वाक्य टाकलं, "आमाला ओढ्यावर आडोसा पायजे."

मग तिची जोडीची बाई पारू, जन्मभर तिच्या ओळी उचलत आलेली, तिनं उचललं. पारूमागं सगळ्या. "आमाला ओढ्यावर आडोसा पायजे." शाळेचे पत्रे वाजले.

"आमी अंधारात अंघोळ करणार नाय."

"आमी अंधारात अंघोळ करणार नाय."

"कमान मागून बांधा."

ही ओळ बायांनी हसत हसत उचलली, पण उचलली. मीही म्हणत होते. एकटीनं बोलायचं तर मलाही घाम फुटतो, पण दुसऱ्यानं म्हटलेलं म्हणायला काय जातंय?

काशिनाथ उठला. "ये काय लावलाय? हा काय लगीन हाय?"

"लगीनच हाय," ती म्हणाली. "तुमी नवऱ्यासारखा गप उभा ऱ्हावा. लिवलास का रे भाऊसाहेब? वाच. आयकू आला का सगळ्यांना?"

आडोसा झाला. छप्पर पहिल्याच वादळात उडालं, भिंती अजून आहेत.

त्यानंतर बाया हळूहळू एकट्याही बोलायला लागल्या. सगळ्या नाही. काही बोलायला लागल्या आणि थांबेनात, तेही झालं.

आणि मग गवत कापताना गणपतला साप चावला. मुरबाडला नेईपर्यंत गेला.

बांगड्या फोडायला बाया आल्या तेव्हा मी तिथंच होते. मला वाटलं ही भांडेल. नाही भांडली. तिनं आपणहून हात पुढं केले. आमच्या समाजात हे मोडलं असं आम्ही सांगतो, आणि बरंच मोडलंही आहे, पण हळदीला विधवेला मागं उभं करणाऱ्या बाया आमच्यातही मी पाहिल्यात, म्हणून मी तिथं शहाणपण शिकवलं नाही.

धवलारीण सवाष्ण लागते. विधवेनं धवले म्हटले तर नवरीला लागतं, असा समज. म्हणजे गणपत गेला त्या दिवशी तिचं गाणंही गेलं. ते गेलं तर जाऊ दे, पोट काही त्यावर चालत नव्हतं, असं मला वाटत होतं. पण वाडीतून आवाज येईना. सुनेला हाक नाही, शेळ्यांना शिवी नाही. पंचायतीत जायची, खुर्चीत बसायची, काशिनाथ बोलायचा आणि ही मान हलवायची. कागद वाच म्हणायचीही बंद झाली. काशिनाथनं कमानीचं पुन्हा काढलं.

मी एक दिवस वर गेले. ती अंगणात मोहाच्या बिया फोडत बसली होती.

"नियम कुणी केला गो हा?" मी विचारलं.

"कुणी केला मना काय ठाव. माझ्या सासूच्या सासूपासून हाय."

"आणि सरपंचाचा नवरा जिवंत लागतो, असाही नियम आहे का?"

"तो नाय."

"मग तिथं तोंड का शिवलंस?"

तिनं हातातली बी बाजूला टाकली. म्हणाली, "आवाज येकच हाय ना, आक्का. हितला मेला तर तिथं कुठून आणू?" आणि हे ती इतकं हळू बोलली की मला पुढं वाकावं लागलं.

मला तेव्हा कळलं की हिला लोकांनी गप्प केलेलं नाही. तिचा स्वतःचाच त्या नियमावर विश्वास होता. असल्या माणसाला बाहेरून काही सांगता येत नाही. मी चहा पिऊन खाली आले.

सांगितलं ते मंजुळानं. मंजुळा वाडीतलीच, शिकून शहापूरला एका दवाखान्यात नर्स झालेली. तिचं लग्न तिकडच्याच मुलाशी ठरलं, शहापूरला हॉलमध्ये. ती बापाला म्हणाली, "धवला म्हणायचा तर चांगुआत्यानंच. नायतर मी रजिस्टर करून येते, मग बसा मांडव घालून." बाप घाबरला, वाडीतली म्हातारी माणसं चिडली. मंजुळा चांगुणाबायकडे गेली.

"नको गो," चांगुणाबाय म्हणाली. "उद्या तुला काय झाला तर लोक माझा नाव घेतील."

"मग मी पण तुझाच नाव घेईन. तूच शिकिवलास ना, मोठ्यानं बोलायला?"

नंतरचे काही दिवस ती विचारात होती. मग निरोप पाठवला, की गाईन, पण चोरून गाणार नाही. विधवेनं धवले म्हणायचे की नाही, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरू दे. हो तर हो, नाही तर नाही. नाही ठरलं तर पुन्हा ओठ उघडणार नाही, ना मांडवात ना पंचायतीत.

सभेला एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. विषय निघाला तशी ती खुर्चीवरून उतरली. "हा विषय माझा हाय, मी खुर्चीत बसणार नाय," म्हणाली आणि येऊन आमच्यात चटईवर बसली. खुर्चीत काशिनाथ बसला. मला वाटलं, संपलं.

पुरुषांनी विरोध केला त्याचं काही वाटलं नाही. पण पहिली उठली ती पारू. जोडीची पारू. "माझा चांगुणाशी वाकडा नाय," ती म्हणाली. "पण पोरीचा काय वायट झाला मग? कोण भरून देल?" आजूबाजूच्या बायांनी माना हलवल्या. सवाष्णींनीच जास्त हलवल्या.

चांगुणाबाय बसल्या जागेवरूनच म्हणाली, "पारू, तुझ्या भयनीचा लगीन कोणी लावला?"

"तूच की."

"तवा माझा नवरा जिवंत होता?"

"होता."

"तुझी भयीण रांडावली का नाय?"

पारू खाली बसली. तिची बहीण लग्नानंतर दुसऱ्या वर्षी विधवा झाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"सवाष्णीच्या तोंडानं धवला म्हटला, कुकू लावून म्हटला, तरी ती रांडावली. तवा कोण बोलला नाय का चांगुणाच्या तोंडानं झाला. आता गणपत गेला तर माझा तोंड वायट झाला?" मग सगळ्यांकडे वळून, बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच, तिनं विचारलं, "आयकू आला का?"

काशिनाथ खुर्चीत चुळबुळला. त्यानं ठराव पुढं ढकलला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण तो म्हणाला, "माझ्या लग्नात माझी आय मांडवात नव्हती. मांडवाच्या मागं चुलीपाशी बसली होती. मी पाया पडायला तिथं गेलो. धुरानं तिचा तोंड पण नीट दिसला नाय." एवढंच बोलून त्यानं हात वर केला. त्याच्याकडे बघून बऱ्याच पुरुषांनी केला. बायांचे हात उशिरा आणि अर्धे वर आले. पारूचा वर आला नाही. ठराव झाला. काशिनाथ त्या दिवसापासून सज्जन झाला असं कुणी समजू नये. कमान त्यानं पुढं बांधलीच, स्वतःच्या नावासकट.

ठराव होणं वेगळं आणि लग्न लागणं वेगळं. शहापूरच्या हॉलला आम्ही टेम्पोनं गेलो. वाडीतल्या निम्म्या बाया आल्या, पण आत आल्या नाहीत. दाराबाहेर पायऱ्यांवर बसल्या. जेवून जाऊ, पण तिच्यामागं उभ्या राहणार नाही, असं त्यांचं ठरलं होतं. पारूही त्यांच्यात. आत खुर्च्यांवर नवऱ्याकडची शहरी मंडळी मोबाइल धरून बसलेली.

चांगुणाबाय पुढं झाली. कपाळ मोकळं, हात मोकळे. तिनं पहिली ओळ सोडली. आवाज थोडा चिरका आला, पण सगळ्या हॉलभर गेला. ओळ संपली आणि ती थांबली. मागं कुणीच नव्हतं. मला उचलावीशी वाटली, पण मला ते शब्द येत नाहीत, ती बोली घरची लागते.

ती तशीच उभी राहिली. दुसऱ्यांदा म्हटलं नाही, पुढचीही सोडली नाही. नवऱ्याकडचा एकजण म्हणाला, "झालं का?" हॉलवाला येऊन घड्याळ दाखवून गेला, त्याच्याकडे संध्याकाळी दुसरं लग्न होतं. मंजुळानं मुंडावळ्यांतून मान वर केली. बापानं डोक्याला हात लावला.

आणि दाराबाहेरून ओळ आली. पारूच्या आवाजात. तिच्यामागं, एकीला एक धरून, पायऱ्यांवरच्या साऱ्या बायांच्या. मला पारू नंतर म्हणाली, "मी म्हणणार नव्हतंय, आक्का. शपथ. तोंडातून गेला. ओळ अशी लोंबकळत ठेवतात का कोण?"

चांगुणाबायनं मागं वळूनही पाहिलं नाही. पुढची ओळ सोडली. तिसऱ्या ओळीला त्या पायऱ्यांवरून उठल्या, पाचव्या-सहाव्याला आत होत्या. जेवताना तिनं पारूच्या पानातलं मटणही उचलून खाल्लं.

सगळी वाडी लगेच बदलली नाही. काही घरं अजून त्या शेजारच्या धवलारणीला बोलावतात. पण चांगुणाबायला बोलावणी यायला लागली, आणि पंचायतीत भाऊसाहेब पुन्हा मोठ्यानं वाचायला लागला. मंजुळा सुखात आहे, तिला मुलगी झाली. समजा ती सुखात नसती, तरी त्याचा धवल्याशी संबंध नसता, हे मी आधीच सांगून ठेवते.

चांगुणाबाय आषाढात गेली, तापानं. मी तेव्हा कसाऱ्याला मुलाकडे होते, मला दोन दिवसांनी कळलं. तिला शेवटचं पाहिलं ते त्याआधी वैशाखात. काशिनाथच्या नातीचं लग्न होतं, वऱ्हाड धसईवरून मुरबाडकडे जाणार होतं. जीप आमच्या घरापुढं उभी होती. काशिनाथची बायको पाण्याचा कळस, वर नारळ, हातात घेऊन उभी. चांगुणाबाय वाडीतून उतरली ती सरळ जीपच्या पुढच्या दाराशी गेली आणि पायरीवर पाय ठेवला.

ड्रायव्हर म्हणाला, "आजी, मागं बसा ना. पुढं सवाष्ण बसते, कळस घेऊन."

तिचा पाय पायरीवरच राहिला. काशिनाथच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, तो मोबाइलवर कुणालातरी रस्ता सांगत होता. मग तिनं चांगुणाबायकडे पाहिलं.

"चढ गो, उन्हात काय उभी ऱ्हातेस," म्हणाली. चांगुणाबाय चढून बसल्यावर तिनं कळस तिच्या मांडीवर दिला आणि स्वतः पदर सावरत मागं जाऊन बसली.

चांगुणाबायनं दोन्ही हातांनी कळस धरला. दार उघडंच होतं.

"माझे हात गुतलेत रे," ती ड्रायव्हरला म्हणाली. "दार लाव."

तो खाली उतरला, पुढून फिरून आला आणि त्यानं दार लावलं.